निष्कर्ष आधी रंगवला

२ डिसेंबर
तीन महिन्यांनी पहिली ऑर्डर! गिऱ्हाईक इयत्ता सातवीतलं : आमचीच कन्या. विज्ञान प्रदर्शनासाठी बोर्ड हवाय. दोन कुंड्यांत घेवडा लावलाय. 'अ'ला रोज रेडिओवरची गाणी, 'ब'ला शांतता. कोण जास्त वाढतं ते बघायचं. मला बजावलं, बाबा, फक्त बोर्ड, कुंड्यांना हात लावायचा नाही. कबूल. छापील फ्लेक्स येईपर्यंत गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या याच हाताने रंगवल्या. आता दाखवतोच. शिवाय प्रदर्शनाला ती मला सोबत नेणार आहे. पहिल्यांदाच.

संकल्प : ढवळाढवळ शून्य.

५ डिसेंबर
प्लायवर प्रायमरचे दोन हात. शीर्षक लाल, सावली काळी. फर्स्ट क्लास! खाली 'निष्कर्ष'ची चौकट रिकामी, भकास दिसत होती. भरून टाकली : 'संगीताने रोपे दुप्पट वाढतात.' पिवळा एनॅमल. कोपऱ्यात छोटीशी सही.

बायको म्हणाली, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. बिया अजून उगवल्यासुद्धा नाहीत. तिला लेआउट कळत नाही.

९ डिसेंबर
उगवले. 'अ' एक सेंटिमीटर, 'ब' दोन. रेडिओवर गाणी कमी, बातम्याच फार. त्याचा परिणाम.

१२ डिसेंबर, सकाळी ७
'अ' तीन, 'ब' सहा.

कन्येने आज बोर्ड नीट वाचला. एवढंच विचारलं, हे पुसता येतं का? मी अभिमानाने सांगितलं, एनॅमल आहे, पंधरा वर्षं उन्हापावसात हलत नाही. मग माझं मलाच ऐकू आलं.

१३ डिसेंबर
ती शाळेत गेल्यावर 'अ'ला तांब्याभर पाणी. ही ढवळाढवळ नव्हे, माणुसकी.

१४ डिसेंबर
आणखी दोन तांबे. मूठभर खत. 'ब' दिवसभर बाथरूमच्या अंधारात, ती यायच्या आत जागेवर. कोणाला पत्ता नाही.

१६ डिसेंबर
'अ' पिवळं पडलं. अक्षरांना मॅच होतं. हे मी काय लिहितोय!

१७ डिसेंबर
'अ' गेलं. कन्येने मातीत बोट खुपसलं, वास घेतला, वहीत काहीतरी लिहिलं. मी पेपरामागे. मोठी झाल्यापासून पोरीने आपणहून माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि मी तीच मारली.

१९ डिसेंबर, दुपार
निष्कर्षावर पांढरा हात मारला. पिवळं वर येतं. दुसरा हात. तिसरा. 'दुप्पट' जातच नाही. उद्या प्रदर्शन. तिला म्हणालो, मला कणकण वाटतेय, तू आईबरोबर जा. ती म्हणाली, नाही, तुम्हीच पाहिजे.

२० डिसेंबर
बोर्ड उलटा लावला होता. माझी बाजू, माझी सही, भिंतीकडे. मागच्या कोऱ्या प्लायवर तिने स्केचपेनने लिहिलेलं, शाई पसरलेली :

'माझा प्रयोग का फसला. १३ डिसेंबर : 'अ'च्या ताटलीत पाणी. १४ डिसेंबर : बाबांच्या चपलेला खत, 'ब'च्या पानांवर साबणाचा फेस. निष्कर्ष : संगीताबद्दल काही सांगता येत नाही. बाबांबद्दल येतं.'

परीक्षक बाई हसून हसून बेजार. दुसरा नंबर दिला. यातले बाबा कोण, असं त्यांनी विचारलं, तेव्हा कन्येने माझा हात धरून मला पुढे ओढलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, हेच ते.

बोर्डावरची तिची तिसरी ओळ चांगलीच तिरकी उतरत गेली होती. ब्रश खिशातच होता. बाहेर काढला नाही.