कार्डाच्या पाठीवरचा पत्रा

साइमी,

कॉम्प्युटर चालू करू नकोस, माझ्या हातून घोटाळा झालाय. मला वाटलं, ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवरचा पत्रा उष्णता कोंडून ठेवतो, म्हणून तुझी फिल्म तयार होताना मशीन बंद पडतं. "बाबा, हात लावू नका," म्हणाली होतीस, तरी पत्रा काढला. त्याखालचा मऊ पॅड फाटला. दुकानदार फोनवर म्हणाला, "अहो, तो पॅडच तर चिपांची उष्णता पत्र्यात नेत होता! आता पत्रा लावा, नाहीतर लावू नका, तापणारच."

तसा पॅड ताम्पेरेत कुठेच मिळेना. हेलसिंकीला निघालोय. फिल्म सोमवारी द्यायची आहे, तोवर जमेल की नाही, माहीत नाही.

सामन माशाचं सूप शेगडीवर आहे.

सकाळी तू रडत बाहेर पडलीस. काय बोलावं सुचेना, म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

बाबा