लॉरीच्या कोबीतला पाहुणा

शनिवार, ४ ऑक्टोबर
वारा आग्नेयेकडून! चार दिवस हटत नाहीये. असा वारा सुटला की सायबेरियाचे पक्षी वाट चुकून आमच्या अन्स्ट बेटावर येऊन पडतात. सकाळी लॉरीचा फोन — "ओस्ला, अजून अंथरुणातच?" एवढं बोलून ठेवला. मेंढ्या पाळतो, एकटा राहतो, बोलणं जिवावर येतं. पण माझा नवरा मॅनी गेला, मी एकटी पडले, तेव्हापासून पक्षी बघायला सोबत याचीच.

रविवार, ५ ऑक्टोबर
दिसला! लॉरीच्या कुरणाकडेच्या चरात. आधी वाटलं, कुठलातरी तपकिरी पक्षी. मग वळला — गळा लालभडक, आतून पेटल्यासारखा! पांढरी भुवई, उभी शेपटी. सायबेरियाचा रुबीकंठ! जन्मभर याचीच वाट पाहिली, आणि कॅमेरा गाडीत! लॉरी पार दुसऱ्या टोकाला. मला हाक मारायचंही सुचलं नाही. घरी येऊन पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर कळवलं. फोन थांबेना. सूप तसंच गार झालं.

सोमवार, ६ ऑक्टोबर
दोन-दोन बोटी बदलून माणसं आली. एक तर लंडनहून विमानाने. शाळेतला स्वयंपाक उरकून मी धावत गेले. दिवसभर सगळे दुर्बिणी लावून उभे, पण काही नाही. लर्विकचा कॅलम, मोठा जाणकार, सगळ्यांदेखत म्हणाला, "मावशी, रॉबिन नव्हता ना तो? त्याचाही गळा लालच असतो."
हसले सगळे. रॉबिन मला कळत नाही? लॉरीकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. माझ्या बाजूने एक शब्द नाही! ते फार लागलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
आता माझी मलाच शंका येतेय.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
काय लिहू, कसं लिहू! दुपारी लॉरी शाळेच्या दारात उभा. "चल." त्याच्या घरामागे कोबीचा वाफा आहे, भोवती छातीइतकी दगडी भिंत. डोकावले — कोबीच्या पानाखाली तो! लाल गळा! मी तोंडावर हात दाबून धरला.
लॉरीला तो रविवारी संध्याकाळी चरातच सापडला होता, उडायचंही त्राण नव्हतं. अलगद उचलून इथे सोडला, किडे खाऊ घातले.
"एवढी गर्दी भोवती जमली असती तर मेला असता," म्हणाला.
"आणि माझं हसं झालं ते?"
"कळतंय. झोप लागत नाहीये मला."
एक कोबी त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. पण तेवढ्यात पाहुण्याने किडा गिळला, मान वर केली, गळा उन्हात चमकला — आणि राग कुठे गेला कोण जाणे. ऊन जाईपर्यंत दोघं भिंतीआड बसलो. दोघांनीही फोटो काढले. माझा असा स्पष्ट आलाय की कॅलमचं तोंड कायमचं बंद होईल!
पण दाखवला तर लॉरीने पक्षी लपवला हे उघड होणार. पक्षीवाले बाकी सगळं माफ करतील, हे नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर
काल रात्री वारा पडला, आभाळ मोकळं झालं. आज वाफा रिकामा. गेला बरा होऊन! दिवसभर पाय जमिनीवर नव्हते. फोटो कुणालाही पाठवला नाही. म्हणू देत रॉबिन.

सोमवार, १३ ऑक्टोबर
लॉरीनेच ग्रुपवर स्वतः काढलेला पक्ष्याचा फोटो टाकला. खाली लिहिलंय — ओस्लाने ओळखला तो बरोबर होता, लपवला मी, बोलायचं ते मला बोला. आणि बोलतायत, वाट्टेल ते. तशीच त्याच्याकडे गेले. कशाला सांगितलंस, विचारलं. मेंढ्यांकडे बघत म्हणाला, "तुला खोटं पाडत होते. मला बघवेना."
मग त्याने लग्नाचं विचारलं.
मी हो म्हटलं.