जशीच्या तशी

दि. ४ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आळस नाही, हात खरंच दुखतात. आईला सांगू नका, ती लगेच कॉलेजचा विषय काढेल.

शर्यत झाली. नऊ तास. आपली गाडी तिसरी आली. आमच्या गटाला 'जशीच्या तशी' म्हणतात, म्हणजे गिऱ्हाइकाला शोरूममधून मिळते तीच गाडी पळवायची. टायर आणि ब्रेकचे पॅड बदललेले चालतात, बाकी एका स्क्रूलाही हात लावायचा नाही. मोडेल ते वहीत लिहायचं. आमचे मुख्य मेकॅनिक, ज्यांना सगळे वस्ताद म्हणतात, ते तुमच्यासारखेच, बोलणं कमी नि टोचणं जास्त. तेसुद्धा या वेळी खूश दिसले. 'दोष नाही' अशा शेऱ्यांनी भरलेली वही तुमच्या कारखान्यात येईलच.

तरी मन लागत नाही. कॉलेजातल्या तिला निकाल कळवला, तर उत्तर दोन ओळींचं. अभिनंदन, आणि परीक्षा जवळ आलीय. मी इथे इंजिनिअरच्या हाताखाली शिकतोय असं तिला वाटतं. मीच तसं लिहिलंय. दिवसभर चाकं उचलतो, हे कसं लिहू?

तुम्ही लोभ करता म्हणून मी कुरकुर करतो. दोन्ही चालू द्या.

तुमचा भाचा


दि. ११ मार्च

चि. तडतड्यास,
अ. उ. आ.

हात गरम पाण्यात बुडवून बस. तिसरा नंबर आल्याचं तुझ्या आईला सांगितलं, हातांचं नाही.

वही पोचली. तपासणी खात्यात मला एकवीस वर्षं झाली, पण इतकी कोरी वही पाहिली नव्हती. माझ्या टेबलावर अकरा गिऱ्हाइकांची पत्रं पडून आहेत. तक्रार एकच, दोन वर्षं गाडी वापरली की इंजिनच्या पाण्याचा रबरी पाइप फाटतो. एक बाई आजारी वडिलांना घेऊन निघाल्या होत्या, तर चढणीवर गाडीतून वाफा. पाइप शेजारच्या लोखंडी पट्टीला घासतो, असा माझा अंदाज. गिऱ्हाइकं गाडी नीट ठेवत नाहीत, असा साहेबांचा.

शर्यतीपर्यंत थांबा, असं मीच बैठकीत म्हणालो होतो. नऊ तास इंजिन असं थरथरलं की दोन वर्षांची झीज एका दिवसात दिसते. आपण गाडी पळवतो ती जिंकायला नव्हे, मोडायला. तिथे मोडली की कुणाच्या वाटेत मोडत नाही. तुमच्या वहीत पाइपपुढे 'दोष नाही'. साहेबांनी ते पान माझ्यापुढे धरलं. हसले नाहीत, तेच लागलं. विषय संपला. आता अकरा जणांना 'गाडीची काळजी घ्यावी' असं कळवायला बसलोय. दोन पत्रं झाली. पुढे हात चालत नाही, तुझ्याच दुखण्याची लागण.

तिचं उत्तर दोन ओळींचं म्हणतोस, तुझं पत्र किती पानी होतं? त्यात तू जर कुठेच नसशील, तर बिचारीने उत्तर लिहायचं कुणाला?

आशीर्वाद आहेत, अक्कल तुझी तू आण.

मामा


दि. १५ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

उरलेली नऊ पत्रं लिहू नका.

पाचव्या तासाला गाडी टायर बदलायला आत आली, तेव्हा मी वाकलो आणि पाहिलं. पट्टीपाशी पाइपचं रबर निम्मं घासलं होतं. वस्ताद पलीकडच्या बाजूला होते. खिशात सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता, तो गुंडाळला, वरून तार आवळली. बिघडलेलं दिसलं की माझे हात आधी चालतात. आणि तिला निकाल कळवायचा होता, डोक्यात दुसरं काही नव्हतं. वहीतला तो शेराही माझाच.

काल वस्तादांना दाखवलं. ओरडतील म्हणून तयारीने गेलो होतो. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मामा कारखान्यात नेमकं काय करतात ते विचारलं. मग आयोजकांना कळवलं. तिसरा नंबर गेला, मलाही गाडीपासून लांब बसवलंय. बाकीचे माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचीही नऊ तासांची मेहनत होती.

पाइप ट्यूब-तारेसकट कापून वेगळ्या टपालाने पाठवतोय. त्यावरची चिठ्ठी वस्तादांच्या अक्षरात आहे, 'पाच तास'.

तिलाही लिहिलं. अर्धंच पान. चाकं उचलत होतो, आता तेही नाही, हात दुखतात. खाडाखोड केली ती तशीच ठेवली.

लोभ कमी झाला तर तसं लिहा, गुळमुळीत लिहू नका.

भाचा


दि. २९ मार्च

चि. भाच्यास,
अ. उ. आ.

पाइप साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि आराखडा मागवला. पट्टी दोन बोटं मागे सरकतेय. रस्त्यावरच्या गाड्यांनाही पाइप बदलून मिळेल. अकरा पत्रं लिहिली, त्यांतल्या दोघांची माफी मागून.

वस्ताद लिहितात, पुढच्या शर्यतीला वही भरायला माणूस हवाय, पण त्याने दोन्ही हात वहीवर ठेवायचे. जाशील ना?

लोभ कमी झालेला नाही. राग आहे, तोही राहील थोडे दिवस.

मामा


दि. ४ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

जातो.

तिचं उत्तर आलं. दोनच ओळी. पहिलीत परीक्षा संपल्याचं लिहिलंय. दुसरीत विचारलंय, हात अजून दुखतात का.

दुखतात, असंच लिहितोय.

तुमचा भाचा