फोटो डोंगरावरचाच आहे

महाड, शुक्रवार, जुम्म्यानंतर

शोएबमियाँ, तुमच्या सासऱ्याचा, म्हणजे हसनचा, सलाम आणि दुआ.

मस्कतला सगळे खुशाल असाल. तुमचं पित्त कसं आहे? माझी तब्येत ठणठणीत आहे (हे वाक्य उमैमाला वाचून दाखवा, पुढचं पत्र दाखवू नका). फोनच केला असता, पण तुमचा फोन तुमच्याआधी तीच उचलते. म्हणून हे पत्र सुक्या कोलंबीच्या, म्हणजे सोड्यांच्या, पिशवीत तळाशी घालून पाठवतोय. सोड्यांच्या वासाने ती त्या पिशवीच्या आसपास फिरकायची नाही, तिला मीच वाढवलंय.

तुमच्या सासूबाई गेल्यापासून उमैमाने धोशाच लावलाय, अब्बा, एकटे राहू नका, मस्कतला या. त्यात बिरवाडीच्या बाजारात मला जरा दम लागला, ते कोणीतरी तिच्या कानावर घातलं (शेजारच्या तसनीमवर माझा संशय आहे, पण ती रोज डबा पाठवते, म्हणून गप्प आहे). शेवटी माझ्या लेकीने अट घातली. पोलादपूरच्या वर ज्या डोंगरावर हल्ली मुंबईची पोरं रविवारी हिंडायला येतात, तो चढून फोटो पाठवा, मग व्हिसाचं नाव काढणार नाही. जन्मभर टेम्पो चालवलेला माणूस मी, पाणपट्टी भरायलासुद्धा गाडीने जातो. पण मला महाड सोडायचं नाही हो, मियाँ. म्हणून बूट घेतले.

चूक झाली ती वाटेत. मुंबईच्या पोरांची वाट वाडीला वळसा घालून जाते. मी आपली ओळखीची म्हणून वाडीतूनच गेलो. त्या वाडीचं भात, पत्रे, लग्नाची वऱ्हाडं, अडलेल्या बाळंतिणी, सगळं माझ्याच टेम्पोतून खाली आलंय. असा माणूस दारावरून नुसता पुढे जातो म्हणजे काय? पहिलंच घर येसाजीचं. त्याची बायको चंद्रभागावहिनी कमरेवर हात ठेवून वाटेतच उभी.

"शेठ, चा न घेता चाललाव? आमचा चा कडू हाय काय?"

घेतला. मग गीताबाईने हाक मारली, मग कोंडाजीने, कारण येसाजीकडे घेतला आणि त्याच्याकडे नाही हे त्याने भिंतीवरून पाहिलं होतं. एका घरी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी, दुसऱ्या घरी गुळाच्या चहात बुडवायला खारी. नवे बूट प्रत्येक उंबऱ्याशी काढायचे आणि घालायचे, माझी खरी चढाई तीच. माझा डबा तर कोणी उघडूच दिला नाही. वर किती राहिलं विचारलं, तर येसाजी म्हणाला, "वर काय हाय? दगूड हाय. तो काय पळून नाय जायचा. जरा पडा."

पडलो. पडवीत इतकी गाढ झोप लागली की तुमच्या सासूबाई गेल्यापासून तशी लागली नव्हती. उठल्यावर उंचावरून सावित्रीचं खोरं पाहिलं, ऊन उतरत होतं, नदी चकाकत होती. फार बरं वाटलं. फोटो तुम्हाला पोचलाच आहे.

लेकीला जपा, स्वतःलाही जपा.

तुमचा
हसन

ता.क. फोटो मोठा करून बघू नका. कोपऱ्यात जी काळी दोरी लोंबतेय ती चंद्रभागावहिनींच्या म्हशीची शेपटी आहे. मी उभा आहे तो कातळ त्यांच्या गोठ्यामागचा.

आणखी एक. उमैमाने विचारलं तर तुम्ही खोटं बोलू नका, जावयाला शोभत नाही. सरळ सांगा, अब्बांचा डोंगर अर्धाच झालाय आणि अर्धवट टाकून त्यांना येता येत नाही. दर आठवड्याला जातोय. पण वरच्या आळीतली घरं अजून चहाची राहिलीत, आणि तिथवर पोचायला पुन्हा येसाजीच्या दारावरूनच जावं लागतं. या चालीने मला पुष्कळ वर्षं लागतील असं दिसतं.