दार अजून उघडं आहे

लोणावळा,
रविवार, दुपार

ती. सोपानदादा,

"कडी नको लावूस, मी आलोच." हे वाक्य तू वडिवळ्याच्या घराच्या उंबऱ्यावर, दोन्ही हातांत जर्मनीला न्यायच्या बॅगा घेऊन म्हणाला होतास. लहानपणी दुकानात जाताना, धरणावर पोहायला जाताना तू हेच म्हणायचास. त्या दिवशीही सवयीनं तोंडातून गेलं. आम्ही सगळे हसलो, सगळ्यांत मोठ्यानं मी. आई हसली की नाही, ते मी पाहिलं नाही. इतक्या वर्षांनी ते वाक्य का आठवलं, हे पत्र वाचता वाचता तुला कळेल. (नाही कळलं तर ताजा कलम वाच. ऑफिसचे मेल तू खालून वर वाचतोस, असं वहिनी म्हणाल्या होत्या.)

तर आता रीतीप्रमाणे साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची सर्दी गेली का? अर्णव अजून 'आत्या' म्हणतो की त्याचंही जर्मन झालं? इथे मी बरी आहे. पाऊस ओसरला तरी लोणावळ्याचं धुकं न विचारता घरात येऊन बसतं. पापड, सहामाहीचे पेपर आणि मी, सगळे सारखेच दमट आहोत. हे सगळं मी व्हॉट्सॲपवरही लिहिलं असतं, पण तिथं चार ओळी लिहिल्या की तू अंगठा पाठवतोस. कागदाला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून पत्र. काही मागायला लिहीत नाहीये. तू पाठवलेल्या बोर्डाची हकिगत तुला पहिल्यापासून कळावी, एवढंच.

गेल्या वर्षी पावसात आई मागच्या दारी शेवाळावर घसरली आणि शकुबाई शेजारून विरजण मागायला येईपर्यंत तशीच पडून राहिली. त्यानंतर तू तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड पाठवलास. बिस्किटाएवढा, खाली सुयांसारखे पाय, कोपऱ्यात एक निळा दिवा. दाराला चुंबकाची पट्टी लावायची आणि बोर्डानं वायफायवरून आपल्या दोघांच्या फोनवर कळवायचं: सकाळी दार उघडलं, म्हणजे आई उठली, अंधार पडल्यावरही उघडं राहिलं, म्हणजे काहीतरी बिघडलं. अर्ध्या तासाचं काम आहे, असं तू म्हणालास. दादा, तुझा तो अर्धा तास मला उन्हाळ्याच्या सुट्टीभर पुरला.

पहिले काही दिवस वायरीतच गेले. बोर्ड लॅपटॉपला जोडला की दिवा लागायचा, पण लॅपटॉप म्हणायचा, कुणी आलेलंच नाही. घरातल्या सगळ्या वायरी लावून पाहिल्या. शेवटी तू फोनवर हसत सांगितलंस की काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात; त्यांतून वीज जाते, बोलणं जात नाही. (हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दिवा लागला म्हणजे बोलणंही चालू आहे, असंच मी समजत होते. फक्त बोर्डाच्या बाबतीत नव्हे.) मग प्रोग्राम. मराठी शिकवण्यात निम्मं आयुष्य गेलं, पण एका राहिलेल्या अर्धविरामासाठी पाठ पुढे वाचायचंच नाकारणारा विद्यार्थी मला पहिल्यांदाच भेटला. वायफायची डबी तर तांदळाच्या कणगीवर बसवल्याशिवाय चालेना. तू 'उंच आणि मोकळ्या जागी' म्हणाला होतास. आपल्या घरात उंच आणि मोकळं तेवढंच आहे.

आणि एकदाचा तो बोर्ड बोलला. निळा दिवा लुकलुकला, फोन वाजला, मी आनंदानं आईला हाक मारली. ती हात पुसत आली, बघितलं आणि थेट देवघराकडे गेली. मला वाटलं, देवाला हात जोडायला गेली. परत आली ती कुंकवाचा करंडा, अक्षता आणि फुलपात्र घेऊन. मी म्हटलं, आई, नको. "नवं यंत्र घरात आलं, कुंकू न्हाई लावायचं व्हय? तुज्या बानं पान्याचं इंजान आनलं तवा बी लावलं हुतं," असं म्हणत तिनं ओल्या बोटानं, मोठ्या प्रेमानं, बरोबर त्या उघड्या पायांवरून कुंकू ओढलं आणि वर फुलानं पाणी शिंपडलं. वायर जोडलेलीच होती. दिवा एकदा फडफडला, जळकट वास आला आणि संपलं. "आगं, डोळं मिटलं की त्यानं," आई म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही. सोपानचं काहीतरी आपल्या हातून गेलं, एवढंच म्हणत राहिली.

तू दुसरा पाठवलास. तो मी आधी प्लॅस्टिकच्या डबीत बंद केला, मग आईला कुंकू लावू दिलं, झाकणाला. आता तो चौकटीशेजारी खिळ्यावर लटकतो. आई त्याला 'सोपानची डबी' म्हणते आणि जाता-येता त्याच्याशी बोलते. "च्या पिलास का रं?" असं विचारते. दिवा लुकलुकतो. तिला तेवढं पुरतं.

पहिल्या सकाळी 'दार उघडलं' असा निरोप आला तेव्हा तू मला सहा फुलं पाठवलीस. संध्याकाळी मात्र 'दार अजून उघडं आहे' असा इशारा आला आणि तू मीटिंग सोडून आईला फोन लावलास, काय झालं, कुठं पडलीस? मी त्या वेळी तिथंच होते. आई म्हणाली, "आरं, दिवेलागण हाय. आत्ता दार लावलं तर लक्ष्मी काय खिडकीतनं यील व्हय?" आपण दोघं त्याच घरात वाढलो, रोज त्या वेळी उघड्या दारात बसून पाढे म्हटले. प्रोग्राम लिहिताना ना तुला आठवलं, ना मला.

मग रोज दिवेलागणीला इशारा आणि रोज तुझा फोन. "बंद कर ना गं आई," तू म्हणायचास, आणि ती तुला घरातलं, गोठ्यातलं, शकुबाईच्या सुनेचं, सगळं सांगून मगच दार लोटायची. दुपारीच वेणीफणी करून दाराशी बसायला लागली. शकुबाईही येऊन बसायची, "सोपानच्या फोनचा टाइम झाला" म्हणत.

मग तू तिकडूनच प्रोग्राममध्ये ती ओळ घातलीस. दिवेलागणीच्या वेळेत दार उघडं असेल तर कुणाला कळवू नये. तुझं बरोबरच होतं. चुकीचा इशारा होता तो. त्या दिवसापासून बोर्ड एकदाही चुकलेला नाही.

आई मात्र मला विचारते, "डबी बिगाडली का गं? सोपानला दार दिसंना झालंय." दिवसा उगीच दार उघडझाप करून बघते. संध्याकाळी पहिल्यापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवते. डास येतात, शकुबाईचं मांजर येऊन दूध पिऊन जातं. परवा शकुबाई म्हणाली, "तुज्या सोपानपरीस माजं मांजार बरं, दार उघडं दिसलं की येतं तरी." आईनं लगेच तोंड बंद केलं तिचं, "तुज्या मांजराला नोकरी न्हाई."

तुला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. कुठल्या तोंडानं ठेवू? पूर्वी दर रविवारी आईकडे जायला मी लोकल पकडायचे. मळवली गेलं की उठून दारात उभी राहायचे, कामशेत यायच्या आधीच. आता सकाळी फोन वाजतो, 'दार उघडलं', आई उठली, आणि मी पेपर तपासायला बसते. आज रविवार आहे, आणि पत्राच्या माथ्यावर मी लोणावळा लिहिलंय.

बाकी बोर्ड उत्तम चालला आहे. तक्रार काही नाही. तब्येतीला जप.

तुझी,
राजेश्वरी

ता. क. : पहिल्या बोर्डाच्या फोटोत लाल काय दिसतंय, असं तू विचारलं होतंस आणि मी 'इथल्या हवेचा गंज' म्हणाले होते. ते कुंकू होतं. आईला हे बोलू नकोस.

ता. क. दुसरा : डबीला ऐकू येत नाही, हेही बोलू नकोस.

ता. क. शेवटचा : काही मागायचं नाही म्हणाले होते, तरी मागते. दिवेलागणीची ती ओळ प्रोग्राममधून काढून टाक. मला काढता येते, आता तेवढं शिकले आहे. पण मी काढली तर तो बिघाड ठरेल, आणि तू दोन मिनिटांत दुरुस्त करशील. म्हणून तूच काढ. मुद्दाम चुकणारं यंत्र कोण ठेवतं, असं म्हणून तू नाही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. तरी काढ.