तीस नंबरचं तेल आणि टायटसमामांचा नाच

९ जानेवारी, सोमवार. तापमान उणे एकतीस.
ठरलं. शनिवारी गावच्या हॉलला वीज मी पुरवणार. पॉवरहाऊस दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचं विमान शनिवारीच येतंय, म्हणून पॉवरहाऊस दिवसभर बंद. आणि नाचही शनिवारीच. लुसिलचे टायटसमामा, वय चौऱ्याऐंशी, युकॉन नदीच्या काठाला त्यांच्यासारखं फिडल दुसरं कुणी वाजवत नाही, ते रविवारी मुलीकडे फेअरबँक्सला चाललेत. कायमचे. हा त्यांचा निरोप. दिवे कसे लावायचे, माइक कसा चालवायचा, यावर मीटिंगमध्ये तासभर नुसती चर्चा. मी उभा राहिलो. म्हटलं, माझा जनरेटर आहे. प्रचंड टाळ्या. लुसिल म्हणते तिघांनीच वाजवल्या. बायको असून!

१० जानेवारी. उणे चौतीस.
शेडमध्ये जनरेटरच्या इंजिनासाठी तीस नंबरचं उन्हाळी तेल सापडलं. अख्खा डबा. मोठी मेव्हणी बर्निस म्हणाली, "चेस्टर, हे गोठेल. सिंथेटिक घाल, झिरो-डब्ल्यू-थर्टी. माझ्याकडे आहे, घेऊन जा." बर्निस बर्फावर चालवायचं आपलं स्नोमशीन स्वतः उघडते, म्हणून तिला वाटतं आपल्याला इंजिन कळतं. मी शांतपणे विचारलं, थंडीत माणूस जाड कोट घालतो की पातळ? ती माझ्या डब्यातलं थोडं तेल बाटलीत ओतून घेऊन गेली. पटलं असावं.

११ जानेवारी. उणे सदतीस.
पटलेलं नाही. बर्निसने दोन बाटल्या रात्रभर व्हरांड्यात टांगल्या होत्या, एकीत तिचं तेल, एकीत माझं. सकाळी सगळ्यांसमोर पालथ्या केल्या. तिचं भळाभळा वाहिलं. माझं जागचं हललं नाही. लोक हसले. अरे, पण संकटात जागा सोडत नाही ते चांगलं की पळून जातं ते? हे तिथे सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं. लुसिलला ऐकवलं. ती मूस हरणाचं सूप ढवळत होती, ढवळतच राहिली.

१२ जानेवारी, दुपारी २.
विजय! जनरेटर दिवसभर स्वयंपाकघरात ठेवला, मग व्हरांड्यात नेऊन दोरी ओढली. पहिल्याच ओढीला सुरू! बर्निसला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "अरे, तो चुलीशेजारून उठून आलाय. शनिवारीसुद्धा नाच सुरू होईपर्यंत घरातच ठेव." मत्सर फार वाईट.
लुसिलची तक्रार: पावाला पेट्रोलचा वास येतोय. मला तरी आला नाही. दोन खाल्ले.
टायटसमामा भेटले. म्हणाले, "जावईबापू, तिसरा नाच तुझा आणि लुसिलचा. तुमच्या लग्नातली चाल वाजवतो." हा नाच मला त्यांनीच शिकवला, विसाव्या वर्षी, माझे पाय लाकडाचे होते तेव्हा. लुसिल म्हणते अजून आहेत. उद्यापासून रोज अर्धा तास सराव.

१३ जानेवारी. उणे चाळीस.
सराव राहिला. कामं फार. जनरेटर आजच हॉलमागे बर्फावर नेऊन ठेवला. यंत्राला जागेची सवय हवी. बर्निसला सांगितलं नाही. सगळंच तिला कशाला सांगायचं?

१४ जानेवारी, शनिवार, दुपारी ३. उणे शेहेचाळीस.
उत्तरेचा हिवाळा, तीनलाच अंधारून आलं. हॉल भरला. दोरी हलत नाही. किंचित जाम आहे.

३.२०
शेजारचा विल्मर मदतीला आला. दोघांनी मिळून जोर लावला. दोरी हलली! म्हणजे तुटली. मी पाठीवर पडलो. विल्मर माझ्यावर.

३.४५
तेल वितळवायला ब्लोटॉर्च आणला. बर्निस धावत आली, हातातून काढून घेतला. "पेट्रोलच्या टाकीशेजारी? मामांना निरोप द्यायचाय, तुला नाही!" मग मशीन आत घेऊ म्हटलं, फक्त पडवीत. ती म्हणाली, "धुराने सगळ्यांना मारायचंय का?" हिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. तेवढ्यात आत फिडल सुरू झालं. मामांनी माइकशिवायच सुरुवात केली. चूक आहे. मी आलोच असतो.

४.३०
नवी योजना. पेट्रोल काढलं. हॉलमधल्या चुलीशेजारचे गरम दगड परातीत घालून मशीनखाली ठेवले, वर माझा जाड पार्का कोट आणि लुसिलची गोधडी. दगड दर दहा मिनिटांनी बदलायचे. दारात गेलो की कुणीतरी आतून दगड देतं आणि थंडी येते म्हणून दार लावून घेतं. तेवढ्यात दिसलं, हेडलॅम्प खिळ्यांना टांगलेत. माझ्या दिव्यांची सर नाही.

५.१०
जमीन थरथरतेय. शंभरेक पाय एकदम. आता आमची चाल वाजतेय. तेल मोजायच्या डिपस्टिकवर तेल किंचित ओलसर दिसलं! आत्ता सोडून जाणं शक्य नव्हतं. चाल एकदा संपली. मामांनी ती पुन्हा पहिल्यापासून वाजवली. मी दगड बदलले.

६.४०
तेल वाहू लागलं! मी ओरडलो, पेट्रोल परत भरलं. दोरी ओढायला हात घातला.
दोरी तुटली आहे, हे मधल्या काळात लक्षातून गेलं होतं.

१५ जानेवारी, रविवार.
काल रात्री आत गेलो तेव्हा लोक कोट घालत होते. मामा घामाने चिंब. म्हणाले, माइक नव्हता ते बरं झालं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोकांनी नीट ऐकलं. मग माझे हात आपल्या हातात धरून बसले, बोटांत जीव येईपर्यंत. मला योग्य शब्द घरी आल्यावर सुचले.
लुसिल तो नाच बर्निसबरोबर नाचली. म्हणते, बर्निसचे पाय चांगले पडतात.
सकाळी विमान गेलं. मी हात हलवला. मामांच्या खिडकीला बर्फ होता.
दुपारी बर्निस आली, न विचारता. मशीन आत घेतलं, माझं तेल काढलं, तिचं भरलं, नवी दोरी बसवली. संध्याकाळी पुन्हा बाहेर ठेवून गार होऊ दिलं. दुसऱ्या ओढीला सुरू. उणे त्रेचाळीस होतं.
तासभर झकास चालला. बर्निस आणि मी शेजारी उभे राहून ऐकत होतो. गावची वीज काल रात्रीच परत आली होती. त्याला जोडायला काहीच नव्हतं.