खड्ड्यात कलम लावा

पनवेल, जून १९५५

ती. ताईस तुझ्या तापट भावाचा नमस्कार.

कॉलेज सोडल्याबद्दल मागाहून रागव. जिच्यापायी इथे आलो, त्या शकूच्या धाकट्या भावाचे पाय तुझ्या लेकासारखेच, आपल्या नानूसारखेच, कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, जन्मताना मेंदूला इजा झालीय, शापबिप काही नाही. शकू रोज हलक्या हाताने त्याचे पाय मोकळे करते, उशांच्या आधाराने बसवते. आता तो स्वतः घास घेतो!

पाय सुटतील या समजुतीने येत्या ग्रहणात नानूला कमरेपर्यंत मातीत पुरू नका. शकू म्हणते, "आमी पुरलं व्हतं. पाय सुटले नाय, पोर मातर घाबरला."

मी व्यायाम शिकून शनिवारी येतोय. तू जेवतेस ना वेळेवर? भाऊजींनी खड्डा खणलाच असेल, तर त्यात आंब्याचं कलम लावा. नानू सावलीत बसेल.

तुझाच,
कमळाकर